तक्रारीतून राहून गेलेलं अस्वल

आमच्या गिऱ्हाइकांच्या मते माझ्या धंद्यात दोनच प्रकारची माणसं असतात, वाघ दाखवणारी आणि न दाखवणारी. मी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडलो. पुण्यातल्या एका लहानशा पर्यटन कंपनीत मी जंगल सहलींचा व्यवस्थापक होतो. पुण्यातली माणसं गाडीत बसवून विदर्भातल्या जंगलात न्यायची आणि नेली तेवढीच परत आणायची, हे माझं काम. तेवढीच परत आणली याबद्दल मात्र कुणी कधी चांगला अभिप्राय लिहिल्याचं आठवत नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे जंगलातले थरारक अनुभव मागितले आहेत. वाघ मी पुष्कळ पाहिले, पण त्यात सांगण्यासारखं माझं कर्तृत्व काही नाही. तो रस्त्यावर येतो आणि योगायोगाने आपण तिथे असतो. मला सांगायचं आहे ते एका कागदाबद्दल. तो कागद मी लिहिला होता. नावं बदलली आहेत आणि जंगलाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जंगलाच्या आतल्या भागात फक्त उघड्या जिप्सीतून फिरता येतं. खाली पाय ठेवायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, मोबाइल गेटवर जमा करायचा. प्रत्येक गाडीत एक गाइड असतो आणि तो जवळपासच्या गावांतला असतो. गेटवर गाइडांच्या नावांची वही असते. ज्याची पाळी, तो गाडीत बसतो. आवडीचा गाइड मागून मिळत नाही. या आतल्या जंगलाभोवती जो पट्टा असतो, ज्यात गावं आणि शेतंही असतात, त्याला सगळेच बफर म्हणतात. तिथे ठरलेल्या पायवाटेवर गाइडबरोबर चालायला परवानगी असते. गाइडच्या हातात एक काठी असते, बाकी काही नसतं.

पुण्याच्या लोकांना ही पायी फेरी फार आवडते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला आपण जन्मजात जंगलवाले आहोत असं वाटत असतं. हे लोक विजारीला सतरा खिसे लावून येतात आणि पहिल्या वळणावर विचारतात, "इथे पिठलं-भाकरी कुठे मिळते?"

जंगल दाखवतो गाइड. व्यवस्थापक माणसं सांभाळतो. वाघ दिसला तर मला काही काम नसतं, सगळे एकमेकांना फोटो दाखवण्यात दंग असतात. दोन दिवस दिसला नाही की माझी नोकरी सुरू होते. चेहरे आंबतात. चहा गार लागायला लागतो, गाद्या टोचायला लागतात, आणि शेजारच्या खोलीतला माणूस घोरतो ही माझी चूक ठरते. एक गृहस्थ तीन फेऱ्या कोरड्या गेल्यावर मला म्हणाले होते, "बागवान, तुमच्या जंगलात झाडं मात्र छान आहेत हो." हिंजवडीत काम करणारं एक जोडपं होतं. त्यातल्या मुलीनं गाइडला विचारलं होतं, "दादा, टायगरचं टायमिंग काय असतं? म्हणजे आम्ही त्याप्रमाणे ब्रेकफास्ट प्लॅन करू." गाइडानं गंभीरपणे सांगितलं, "त्याचं पण नाश्त्यावरच असते, ताई." ते गाइड म्हणजे केशव मडावी. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच घडलं. माझं नाव इक्बाल बागवान. जन्म बुधवार पेठेतला. वडील पुस्तकबांधणीचं काम करायचे. सुटी पानं लावता लावता मी वाचायला शिकलो आणि वाचता वाचता बरं लिहायला लागलो. यात नवल काही नाही. पण माझं नाव ऐकल्यावर माझं मराठी ऐकून चकित होण्याची पुण्यातल्या सभ्य माणसांना एक सवय आहे. "अहो बागवान, तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे!" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. बुधवार पेठेत जन्मलेला माणूस दुसरं कुठलं मराठी बोलणार, असं मनात यायचं. यायचं आणि तरी ते वाक्य ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? त्या वाक्यासाठी मी काहीही लिहून दिलं असतं.

आणि मी लिहून देत असे. ही माझी कामाची पद्धतच होती, मी स्वतः शोधून काढलेली. चिडलेल्या पुणेकराला समजूत घातलेली चालत नाही, दिलगिरी तर मुळीच चालत नाही. त्याला लेखी हवं असतं. म्हणून कुणी फार तापलं की मी शांतपणे म्हणायचो, "आपण लेखी तक्रार देऊ." लगेच वातावरण बदलायचं. मी बॅगेतून कोरे कागद काढायचो, सगळे माझ्याभोवती खुर्च्या ओढायचे, आणि गार चहावर आम्ही एक असा मजकूर तयार करायचो की वाचणाऱ्याला घाम फुटावा. 'सखेद', 'निदर्शनास', 'अक्षम्य' हे शब्द लोक मला आनंदाने पुरवायचे. सह्या व्हायच्या. तो कागद मी निवासाच्या मॅनेजरला द्यायचो, तो खणात टाकायचा, आणि आमचे लोक पोटभर जेवायचे. निम्मा राग लिहिण्यात जातो आणि उरलेला सही करण्यात. या युक्तीचा मला अभिमान होता. नव्या पोरांना मी ती शिकवली आहे. स्वतः मात्र मी कधीच सही करत नसे. तक्रार गिऱ्हाइकांची, व्यवस्थापकाने मधे येऊ नये, असा माझा नियम होता.

आता मडावीभाऊ. वयानं माझ्याएवढेच, काटक, आणि बोलायला एकदम कमी. जंगलालगतच्या गावात घर, थोडी शेती, बायको आणि एकच मुलगी. गाइडांमध्ये हल्ली इंग्रजी नावं धडाधड सांगणारे तरुण पुष्कळ आहेत. मडावीभाऊ नाव विचारलं तर सांगायचे, नाही तर गप्प. पण माकडाचं ओरडणं नुसतं कुरबुरीचं आहे की खाली काही आलं आहे, हे त्यांना आवाजावरून कळायचं. एकदा आमची जिप्सी त्यांनी तासभर एका पाणवठ्यावर नुसती उभी करून ठेवली. आमची माणसं कंटाळून जांभया देत होती. तासाभराने वाघीण आली, पाणी प्यायली, निघून गेली. त्या दिवशी मला शुद्ध मराठीबद्दल आणि मडावीभाऊंना डोळ्यांबद्दल भरपूर शाबासकी मिळाली. गाइडकी हेच त्यांचं सगळं होतं. एकदा म्हणाले होते, "सर, शेतीनं पोट भरते. पण गेटवर नाव आहे म्हून पोरगी शाळेत सांगते, माह्ये बाबा गाइड आहेत."

तो गट सहा जणांचा होता. म्होरके होते शनिवार पेठेतले सरपोतदार, निवृत्त अभियंते आणि आपल्या इमारतीचे तहहयात सचिव. आणखी एक कर्वेनगरच्या मेधाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, हसतमुख, पण हौशी फोटोवाल्या. उरलेले चौघे सरपोतदार म्हणतील ती पूर्व दिशा मानणारे होते. तीन दिवसांत वाघ दिसला नव्हता. शेवटच्या दिवशी सकाळी बफरमधली पायी फेरी होती. पाळी मडावीभाऊंची निघाली आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

मोहाची फुलं गळण्याचे दिवस होते. वाटेवर तो गोडसर वास दाटला होता. या दिवसांत अस्वलं मोहाखाली येतात, हे मडावीभाऊंनी निघतानाच सांगितलं होतं. एका रांगेत चालायचं, वाट सोडायची नाही, हात वर केला की थांबायचं, एवढंच ते बोलले. पुढे ते, त्यांच्यामागे मेधाताई, मग सरपोतदार आणि बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी मी.

जेमतेम अर्धा तास झाला असेल. एका मोहाखाली फुलांचा पिवळसर सडा पडला होता. मेधाताईंनी कॅमेरा काढला आणि वाट सोडून चार पावलं आत गेल्या. त्याच क्षणी मडावीभाऊ वळले, त्यांनी मेधाताईंचा दंड धरला आणि त्यांना इतक्या जोरात मागे ओढलं की त्या गुडघ्यावर पडल्या. सरपोतदार "अहो, अहो, हे काय?" म्हणाले. मडावीभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "चूप! मागं फिर, मागं फिर." त्यांनी काठी आडवी धरून आम्हा सगळ्यांना मागे रेटलं, आणि वेळ अर्धाही संपला नसताना गेटवर आणून सोडलं.

मी शेवटी होतो आणि वाट तिथे वळत होती, म्हणून मला बाजूने दिसलं. झुडपाच्या मागे काळी केसाळ पाठ होती आणि त्या पाठीवर आणखी एक लहान काळा गोळा. पिल्लू पाठीवर घेतलेली अस्वलीण. मेधाताईंपासून दहा पावलं असेल नसेल. वाघ शक्यतो माणसाला टाळतो. पिल्लावाली अस्वलीण टाळत नाही, ती सरळ तोंडावर येते. मडावीभाऊंच्या गावात तोंड फाटलेली दोन माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

गेटवर आल्यावर मडावीभाऊंनी हात जोडून सांगितलं, "अस्वल होतं, साहेब. पिल्लावालं."

सरपोतदार म्हणाले, "मग दाखवायचं होतंत ना! आम्ही इथे काय पारिजातक बघायला आलोय?"

"दाखवण्यासारखं नव्हतं, साहेब."

"ते आम्ही ठरवू. आणि अस्वल होतं हे कशावरून? आमच्यापैकी कुणी पाहिलं का?" ते माझ्याकडे वळले. "बागवान, तुम्ही पाहिलंत?"

हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? तीन दिवस वाघ नाही, चौथ्या दिवशी अस्वल दिसलं ते फक्त व्यवस्थापकाला. त्या रागाला कुठे तरी जायचंच होतं आणि तो माझ्याकडे यायला मला नको होता. मी म्हणालो, "मी मागे होतो. नीट काही दिसलं नाही."

मडावीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं. मग ते पाणी प्यायला गेले.

आणि मग मी माझी नेहमीची युक्ती केली. "आपण लेखी देऊ," म्हणालो. सरपोतदार लगेच खुलले. "तुम्हीच लिहा, बागवान. तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध." झालं. न्याहारीच्या टेबलावर मी कागद पसरले. तो मजकूर मला आजही पाठ आहे. 'वाटेत कोणतेही कारण न सांगता त्यांनी पदभ्रमण अर्ध्यावर सोडले. ज्येष्ठ पर्यटकांना एकेरीत दटावून गप्प केले. इतकेच नव्हे, तर आमच्यातील एका महिला सदस्याच्या दंडाला धरून त्यांना ओढण्यापर्यंत त्यांची मजल गेली.' शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा एकाने टाळी दिली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त अस्वल नव्हतं.

मेधाताई तेवढ्या म्हणाल्या, "माझं ते कशाला? मला काही लागलं नाहीये." सरपोतदार म्हणाले, "ताई, प्रश्न तुमचा नाही, तत्त्वाचा आहे." त्यांनीही सही केली. कागदाला वजन यावं म्हणून मी खाली 'प्रत माहितीसाठी' असं लिहून तीन वरिष्ठ कचेऱ्यांची नावं टाकली. ती टाकायचीच असतात, म्हणजे आमच्या पेठेत तरी टाकतात. कोणी त्या प्रती खरोखर पाठवतं, असं माझ्या अनुभवात नव्हतं. प्रती सरपोतदारांनी स्वतःकडे ठेवून घेतल्या, मूळ कागद मी गेटवरच्या कार्यालयात दिला. तिथल्या बाबूनं तो खणात ठेवला. सगळे जेवले. परतीच्या प्रवासात पत्तेही रंगले.

पुण्याला पोचल्यावर सरपोतदारांनी तिन्ही प्रती रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र पाठवलं. त्याचंही आलं नाही म्हणून दुसरं स्मरणपत्र. हे सगळं मला खूप नंतर कळलं. आपल्याकडे इमारतीचा सचिव झालेला माणूस महापालिकेला असली पत्रं दर महिन्याला पाठवत असतो आणि महापालिका ती सुखाने पचवते. तिथे तसं नव्हतं. त्या गेटवर गाइडाविरुद्ध लेखी तक्रार कधी आलीच नव्हती. पहिलीच आली ती पुण्याहून, सहा सह्यांची, तीन प्रतींची, आणि तिच्यात एका बाईचा दंड होता.

पुढच्या हंगामात मी नवा गट घेऊन गेटवर गेलो. पाळीच्या वहीत मडावीभाऊंचं नाव दिसेना. एका तरुण गाइडला विचारलं.

"त्यांचं नाव काढलं, सर."

"का?"

"पुण्याहून कागद आला होता ना. बाईमाणसाच्या अंगाले हात लावला म्हणे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसे नव्हते जी ते. पण कागदावर आलं म्हटल्यावर कोण बोलणार?"

त्या फेरीत गटाला दोन वाघ दिसले. मला एकही आठवत नाही.

मी कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते. म्हणाले, "आम्हाला वरून विचारणा झाली, काहीतरी करणं भाग होतं. तक्रारदारांनी लेखी मागे घेतली तर बघता येईल." मला हायसं वाटलं. पुन्हा लेखीच होतं म्हणजे माझ्याच हातातलं होतं.

पुण्यात परत आल्या आल्या शनिवार पेठ गाठली. सरपोतदारांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते पत्र तुम्हीच लिहिलंत ना? मग त्यातलं कुठलं वाक्य असत्य आहे तेवढं दाखवा."

"असत्य एकही नाही, काका. पण त्यात अस्वल राहिलंय."

"अस्वल आम्ही पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"तेव्हा नाही म्हणालात."

"चुकलो."

"मग तुमची चूक तुम्ही निस्तरा. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. आयुष्यात केलेली नाही." मग ते अगदी सौजन्याने म्हणाले, "चहा झाला असेलच तुमचा." पुण्यात या वाक्यानंतर उठायचं असतं. मी उठलो.

मेधाताईंनी कर्वेनगरच्या घरी चहा दिला, चिवडा दिला, डोळ्यांत पाणीही आणलं. "इक्बालभाई, त्यांनी ओढलं नसतं तर माझं काय झालं असतं हो? मला त्याच दिवशी सारखं वाटत होतं की आपलं काहीतरी चुकतंय." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खाली ठेवला. "पण आता मी असं लिहून दिलं तर विचारतील ना, की आधी खोट्यावर सही का केलीत? मी बँकेत होते हो, सहीचं महत्त्व मला माहितीये. सरपोतदारांनी केली तर मी लगेच करते." बाकीचे चौघेही सरपोतदारांवर थांबले. त्यांतल्या एकाने फोनवर विचारलं, "पण तो गाइड अजून तिथेच राहतो ना? मग झालं तर."

शेवटी मी एकट्याने लिहिलं. तीन पानं, अस्वलासकट. मी पाहिलं होतं, विचारल्यावर नाकारलं, आणि तक्रारीचा मजकूरही माझाच आहे, असं स्वच्छ लिहिलं आणि खाली सही केली. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. सदर तक्रारीवर आपली स्वाक्षरी आढळून येत नसल्याने आपल्या पत्राचा विचार करता येत नाही. सही न करण्याचा माझा नियम मी नोकरीभर पाळला होता आणि तो असा फळाला आला. आमच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं, "बागवान, नसती उठाठेव पुरे. आपल्याला पुढच्या वर्षीही तिथेच जायचंय." मी पुरे केली. लढलो असतो, खेटे घातले असते, असं आता म्हणायला काय जातं? निवृत्तीला थोडे महिने उरले होते, ते मी गपगुमान काढले. मडावीभाऊंच्या गावाला जायचं धाडस मात्र एकदाही झालं नाही. गेटपासून ते गाव पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचाच फोन आला. "सर, मी पुण्यात आहो." गावातली काही माणसं इकडे सुरक्षारक्षकाचं काम करतात, त्यांच्या ओळखीनं आले होते. कर्वेनगरच्या पुढे एका नव्या सोसायटीच्या गेटवर दिवसपाळी करत होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारीच गेलो. निळा गणवेश, दोन मापं मोठा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि मान वर करून समोरच्या झाडावरच्या एका पक्ष्याकडे पाहत होते. "तांबट आहे," मला पाहिल्यावर पहिल्यांदा एवढंच म्हणाले. वर बघत बसता म्हणून सोसायटीच्या चेअरमनची दोनदा बोलणी खाल्ली आहेत, हेही हसत सांगितलं.

दुपारी गाड्यांची ये-जा कमी होती. मी पायरीवर बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी सांगून टाकलं, "मडावीभाऊ, ते पत्र मी लिहिलं होतं."

"मालूम आहे जी."

"कुणी सांगितलं?"

"कोणी नाई. तुमी एकदा आमाले बुटांसाठी अर्ज लिहून देल्ला होता, याद आहे? सगळ्या गाइडांले बूट भेटले त्या अर्जानं. हे पत्र ऐकलं तवा तसंच वाटलं. म्हटलं, हे सरांचंच."

बुटांचा तो अर्ज मी साफ विसरलो होतो. माझ्या लिहिण्यानं काही होत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. होतं, हे यांना मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं.

"खुलासा द्या म्हून घरी त्याची प्रत आली," ते सांगू लागले. "माह्या डोळ्यांले बारीक दिसत नाई. पल्लवी दहावीले होती तवा. तिले म्हटलं, वाच. ती वाचाले लागली. लय चांगली वाचते ती. शाळेतला धडा वाचावा तसं वाचत होती. मंग त्या बाईच्या दंडाचं आलं अन् थांबली." ते एका गाडीसाठी उठले, दांडा वर केला, वहीत नंबर लिहिला, परत येऊन बसले. "मी सांगितलं तिले, अस्वल होतं बाई, म्हून वढलं. तिनं कागद पुन्हा सगळा पाहिला, वरून खालवर. अन् म्हणे, बाबा, ह्यात अस्वल नाई."

ते पुढे सांगत राहिले.

"गावात पसरलं मंग. तिच्या मैत्रिणी घरी येत नाईशा झाल्या. आता ती नर्सिंगले आहे, होस्टेलात. फोन करते, पण आईले करते."

मी म्हणालो, "भाऊ, मी तिला लिहितो. सगळं लिहितो, कोणी पाहिलं, कोणी खोटं बोललं, कोणी काय लपवलं. माझ्या सहीनं. ती विश्वास ठेवेल."

मडावीभाऊंनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ज्या हातानं मेधाताईंना ओढलं तोच हा हात असणार.

"ठेवल ना, सर. तुमी लिहिल्यावर ठेवलच. पण तवा बापानं सांगितलेलं खरं वाटलं नाई, अन् तुमच्या कागदानं वाटलं, असं होईल ना ते. नको जी. तुमी काई लिहू नका."

मी रिक्षाने घरी आलो. आठवडाभर काही सुचलं नाही. मग संपादकांचं पत्र आलं आणि मी हे लिहायला बसलो. यात अस्वल आहे, पिल्लूही आहे. छापायला देण्याआधी मडावीभाऊंना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं.